कुंपणाची टकटक

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरात कुणी धड बसत नव्हतं, आणि ज्याला बसण्यावाचून इलाज नव्हता तो सगळ्यांत जास्त बेचैन होता. तो म्हणजे माझा धाकटा दीर, लायल. काही वर्षांपूर्वी गुरांच्या मुरघासाच्या उंच टाकीवर, सायलोवर, चढला असताना शिडी निखळली आणि तो खाली काँक्रीटवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. इस्पितळातून आला तो चाकाच्या खुर्चीतूनच. आम्ही त्याला खालची बैठकीची खोली दिली. माझ्या नवऱ्यानं, ऑरिननं, एका दुपारी तिथला उंबरा तासून काढला. पण त्या पडण्याबद्दल दोघा भावांत पुन्हा कधी एक शब्द निघाला नाही. ती शिडी आदल्या उन्हाळ्यात ऑरिनच घट्ट करणार होता.

लायलला काम मिळालं ते अवजारांच्या एका कंपनीचं. त्यांच्या सुट्या भागांचं भलंमोठं पुस्तक नव्यानं लिहायचं होतं: कुठला बोल्ट कुठे बसतो, कुठला पट्टा कुठल्या यंत्राचा. लायल हे सगळं डोळे मिटून सांगायचा. कंपनीनं त्याला शिवणयंत्राएवढा एक कॉम्प्युटर दिला, छोट्याशा पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारा. आधी तो लिहिलेलं डिस्कवर घालून टपालानं पाठवायचा. पण आमच्या पत्रपेटीत पोस्टमन सगळं कोंबतो, डिस्का वाकायच्या. म्हणून कंपनीनं मोडेम दिला. फोनच्या तारेतून फाइल थेट कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाणार. त्यासाठी लागणारा प्रोग्राम मॅडिसनच्या विद्यापीठातल्या एका बाईनं लिहिला होता आणि फुकट वाटला होता. नाव होतं ‘फेरी’, या काठावरून त्या काठावर नेणारी होडी.

लायलनं मला ते एकदा समजावून सांगितलं होतं. फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा. एक तुकडा पाठवायचा, तिकडून पोच येईपर्यंत थांबायचं. पोच आली की पुढचा. पोच आली नाही तर तोच पुन्हा.

हिवाळाभर ते झकास चाललं. मग बिघडलं. फाइल निघायची, अडकायची, तेच तेच तुकडे पाठवत बसायची आणि शेवटी हात टेकायची. कधी पोचलीच, तर त्यात भलतंच काहीतरी असायचं. कंपनीतल्या बाईचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता.

“मिस्टर स्टेनरूड, तुमच्या पुस्तकात एका ट्रॅक्टरला दोन स्टिअरिंग आहेत.”

“एकच आहे, बाई. मी एकच लिहिलंय.”

“इथे दोन आलीत. आणि क्लचचा पेडल तीनदा. सोमवारी पुस्तक छापायला जायचंय. तुम्हाला जमत नसेल तर इथे शहरात एक जण आहे, तो डिस्क हातात आणून देतो.”

लायलनं फोन ठेवला आणि खुर्ची मागे-पुढे करायला लागला. त्याला येरझाऱ्या घालता येत नाहीत, म्हणून तो हे करतो. खालच्या फळ्या कुरकुरतात.

जेवायला बसलो तेव्हा ऑरिन म्हणाला, “डिस्क खिशात घाल, आर्लिस गाडीनं नेऊन देईल. की त्यानं तुझ्या यंत्राचा अपमान होतो?” आर्लिस म्हणजे मी.

“दर आठवड्याला नेईल? मग धारा कोण काढणार? तू आणि तुझा रेडिओ?”

“रेडिओ निदान एक गोष्ट तीनदा सांगत नाही.”

“तुझा सांगतो. मक्याचा भाव.”

मी बटाट्याचं सॅलड दोघांच्या मध्ये सरकवलं.

लायल त्या विद्यापीठातल्या बाईला फोन करतच होता. इडा ब्रॉडस्की तिचं नाव. ती म्हणायची, “इथे चालतं.” लायल म्हणायचा, “तिथे चालून मला काय उपयोग?” ती म्हणायची, “तुमची फोनची लाइन वाईट आहे.” तो म्हणायचा, “हिवाळ्यात तीच लाइन होती.” मग ती फोन ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करायची. असं बरेच दिवस चाललं. शेवटी त्या शुक्रवारी सकाळी एक धुळीनं माखलेली छोटी गाडी अंगणात येऊन थांबली. पन्नाशीची, बुटकी, केस कसेही बांधलेली एक बाई उतरली आणि कुत्र्याला ओलांडून सरळ दारात आली.

“फोन कुठे आहे?”

“तुम्ही इडा?” मी विचारलं.

“हो. मला झोप लागत नाही. फोन कुठे आहे?”

तिनं कॉफी घेतली, पण बसली नाही. पेपरमिंटच्या गोळ्या कडाकडा चावत ती लायलच्या खुर्चीमागे उभी राहिली. “सिगारेट सोडलीय,” ती म्हणाली, “म्हणून दात जाणार आता.” लायलनं फाइल सोडली. पडद्यावर तुकड्यांचे नंबर सरकायला लागले, मग एका नंबरावर काटा अडकल्यासारखे थांबले. ती “हं” म्हणाली. पुन्हा सोडायला लावली. पुन्हा “हं.” मग तिनं मोडेम बंद केला, फोनचा रिसीव्हर उचलला आणि नुसती ऐकत राहिली.

“ही टकटक कसली?”

“कसली टकटक?” लायल आणि मी एकदमच म्हणालो.

तिनं रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मला काही ऐकू आलं नाही. खरंच नाही. मग तिनं माझ्याकडे बघत बोटानं टेबलावर ताल धरला, टक, टक, टक, आणि तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

“अहो, ते होय! ते कुंपण आहे.”

आमच्या कालवडींच्या कुरणाला झटका मशीनची विजेची तार आहे. सेकंदाला एक झटका देते, आणि प्रत्येक झटक्याला आमच्या फोनमध्ये टक वाजतं. आमच्याच नाही, पलीकडे शेजारच्या हार्लनच्या फोनमध्येही. बर्फ वितळून जनावरं बाहेर काढली की टकटक सुरू, पहिल्या बर्फाला बंद. बोलताना कुणाचं तिकडे लक्षही जात नाही.

लायलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “बर्फ वितळल्यावरच बिघडलं,” तो हळूच म्हणाला.

“आणि तुम्ही मला तारीख सांगितलीत, वेळ सांगितलीत, मोडेमच्या बुडावरचा नंबर वाचून दाखवलात,” इडा म्हणाली, “पण गायी बाहेर काढल्या, हे नाही सांगितलंत.”

“तुम्ही गायींबद्दल विचारलं नाहीत.”

ती हसली, पण तिचे पाय काही थांबले नाहीत. दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत ती बोलत होती. एक तुकडा तारेतून जायला साधारण एक सेकंद लागतो. झटकाही सेकंदाला एक. म्हणजे बहुतेक तुकड्यांवर झटका बसणारच, तुकडा नासणार, पुन्हा पाठवावा लागणार, तोही नासणार. “अडकतं ते यामुळे. पण एक गोष्ट दोनदा का लिहिली जाते? त्याचं उत्तर कुंपण देत नाही.”

तेवढ्यात ऑरिन मक्याच्या पेरणीवरून जेवायला आला. लायलनं त्याला सांगितलं आणि म्हणाला, “तू झटका बंद कर. मी फाइल पाठवतो, विषय संपला.”

ऑरिननं आधी इडाकडे पाहिलं, मग हात धुतले. “ती लाल कालवड रोज सकाळी तारेला नाक लावून बघते. आज तरी बंद आहे का म्हणून.”

“अर्धा तास, ऑरिन.”

“अर्धा तास. मग आर्लिसनं जाऊन लावायचं.” त्यानं स्वतः जाऊन गोठ्यातलं मशीन बंद केलं आणि सँडविच हातात घेऊनच ट्रॅक्टरवर गेला.

टकटक थांबली आणि फाइल लोण्यातून सुरी जावी तशी जायला लागली. लायल शीळ घालत होता. तो पडल्यापासून त्याच्या तोंडून शीळ मी ऐकली नव्हती, म्हणून मीही तिथेच उभी राहिले. पुस्तक मोठं होतं. एक भाग गेला, दुसरा गेला, तिसरा निघाला. अर्धा तास कधी उलटला, कुणालाच कळलं नाही. इडा मात्र खूश नव्हती. तिनं पिशवीतून कागदांची चळत काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरली होती आणि उभ्या उभ्याच ओळींवर पेन्सिल फिरवत होती.

“आता चालतंय ना?” मी म्हटलं.

“चालतंय म्हणूनच घाबरतेय. माझ्या ऑफिसातही असंच चालतं.”

बाहेर हॉर्न ऐकू आला. थांबेचना. हार्लन पिकअप घेऊन सरळ फुलझाडांवरून दारापर्यंत आला होता.

“केव्हाचा फोन करतोय! सारखा एंगेज! अहो, तुमच्या कालवडी हायवेवर आहेत!”

मी धावले. इडाही माझ्या मागे, शहरी बुटांत. हार्लनच्या पिकअपमध्ये बसून आम्ही टेकडी उतरलो. कालवडी रस्ताभर पसरल्या होत्या, वासरांसारख्या शेपट्या वर करून नाचत होत्या. ऑरिन वरच्या शेतातून ट्रॅक्टर टाकून पळत येत होता, पण तो अजून लांब होता. वळणावर गाड्या येत होत्या. मी हात पसरून ओरडत होते. इडा कोट काढून झेंड्यासारखा हलवत होती आणि कालवडींना “प्लीज, प्लीज” म्हणत होती.

दुधाचा टँकर वळणावरून आला तेव्हा त्यानं ब्रेक लावला, पण लाल कालवड मधोमध होती. टँकर आडवा होऊन चरात गेला. ड्रायव्हरला फक्त कपाळावर लागलं. कालवडीचे पुढचे दोन्ही पाय गेले.

त्यानंतर एकही गाडी आली नाही. मला वाटलं, नशीब. बाकीच्या कालवडी आम्ही वळवून आणल्या. थोड्या वेळानं शेरीफचा पोलीस आला, त्यानं कालवडीकडे पाहिलं, ऑरिनकडे पाहिलं. ऑरिननं मान डोलावली. मी तोंड फिरवलं. बंदुकीचा एकच आवाज झाला.

आम्ही घरी आलो. ऑरिनच्या बाहीला रक्त होतं. तो सरळ लायलच्या खोलीत गेला. मी आणि इडा स्वयंपाकघरात उभ्या, आणि मला वाटलं, आता जे इतकी वर्षं बोलले नाहीत ते सगळं बोलणार.

“गेली का तुझी फाइल?” ऑरिननं विचारलं.

“नाही.”

“म्हणजे?”

“हार्लन ओरडला तेव्हा शेवटचा भाग चालू होता. मी मोडेमची तार खेचली. फोन पाहिजे होता. शेरीफला फोन केला, दोन्ही बाजूंनी हायवे अडवा म्हणालो. मग दूध संघाला केला, पण टँकर निघून गेला होता.” खुर्चीखालच्या फळ्या कुरकुरल्या. “मला दुसरं काय करता येणार होतं, ऑरिन? मी इथे बसून होतो.”

शेरीफच्या माणसानं ऑरिनला रस्त्यावरच सांगितलं होतं हे मला नंतर कळलं: फोन आला म्हणून आम्ही दोन्ही टोकांना गाड्या उभ्या केल्या, नाहीतर पाठोपाठ खडीचे ट्रक होते, सगळ्याच कालवडी गेल्या असत्या. आणि माणसंही.

“ती शिडी,” ऑरिन म्हणाला.

“नको आता.”

“मी घट्ट करणार होतो.”

“माहीतय मला. मीही बघितली होती सैल. तरी चढलो. आता हात धू, रक्त लागलंय.”

एवढंच. त्यात माफी होती की नव्हती, मला अजून कळत नाही. ऑरिन बाहेर आला, हात धुतले आणि इडाला म्हणाला, “कालवडी गोठ्यात बांधल्यात. झटका बंदच आहे. पाठवा ती फाइल आणि संपवा एकदाचं.”

इडाच्या मोज्यांना चिखल लागला होता, गुडघा खरचटला होता. ती म्हणाली, “नाही. चालू करा.”

“काय?”

“झटका चालू करा. तो बंद असताना चाललं तर मला काहीच कळणार नाही. उद्या कुणाच्या तरी घरी दुसरी कुठली तरी टकटक असेल. मला हीच हवी.”

ऑरिननं तिच्याकडे असं पाहिलं की, मला वाटलं, आता ही बाई बाहेर जाणार. पण तो गेला गोठ्यात आणि मशीन लावून आला.

त्या दुपारी इडानं आमचं सगळं टेबल कागदांनी भरून टाकलं. लायल शेजारी. ती विचारायची, “आता मी पलीकडचा कॉम्प्युटर आहे. मला तुकडा पाठवा.” तो म्हणायचा, “पाठवला. झटका बसला.” “पोचेवर बसला. तुम्हाला पोच मिळाली नाही. मग?” “पुन्हा तोच पाठवला.” “मी ओळखलं, आधीच आलाय, टाकून दिला. पोच पाठवली.” “त्या पोचेवरही झटका बसला.” “मग?” “पुन्हा तोच. तिसऱ्यांदा.” इडाची पेन्सिल एका ओळीवर थांबली. तोंडातली गोळी तिनं चावायची थांबवली.

“अरे देवा,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा मी ओळखत नाही.”

तिच्या प्रोग्रामात तेवढंच होतं. दुबार आलेला तुकडा तो एकदा ओळखायचा आणि लगेच विसरायचा. तोच पुन्हा आला की नवा समजून लिहून घ्यायचा. तिच्या ऑफिसात तारा स्वच्छ, लागोपाठ दोन पोचा कधी मेल्याच नव्हत्या. आमच्या कुंपणावर रोज मरत होत्या.

“म्हणजे दोन स्टिअरिंग तुमची,” लायल म्हणाला.

“दोन्ही माझी. पेडलही.” ती पहिल्यांदा खुर्चीत बसली आणि लगेच उठली. “हा प्रोग्राम लोकांनी एकमेकांना वाटलाय. कुठे कुठे गेलाय मला माहीत नाही. कुणाच्या फाइलमध्ये काय काय दुप्पट झालंय, आणि त्यांना कळलंही नसेल.”

तिनं आमच्या फोनवरून विद्यापीठातल्या आपल्या माणसाला ओरडून ओरडून दुरुस्ती सांगितली, ओळीमागून ओळ, मध्ये टकटक. मग तुकडे लहान केले, निम्म्याहून लहान, म्हणजे दोन झटक्यांच्या मधून निसटतील. संध्याकाळच्या धारेआधी लायलनं फाइल विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर सोडली. आम्ही सगळे पडद्यासमोर, ऑरिनसुद्धा, दाराला टेकून. नंबर सरकला. अडखळला. पुन्हा गेला. अडखळला, गेला. मला तर एखादी म्हातारी पायऱ्या चढत असल्यासारखं वाटत होतं. पण थांबली नाही.

तिकडून तिच्या माणसानं फाइल वाचून दाखवली. एक ट्रॅक्टर, एक स्टिअरिंग.

“हे एवढं करायला कालवड गेली,” ऑरिन म्हणाला. रागानं नव्हे. नुसतं म्हणाला.

“हो,” इडा म्हणाली. तिनं आणखी काही म्हटलं असतं तर मला आवडलं नसतं.

ती निघाली ती थेट कंपनीकडे, त्यांच्या कॉम्प्युटरवर स्वतः नवा प्रोग्राम बसवायला. पुस्तक सोमवारी छापायला गेलं. लायलचं काम राहिलं.

पण इडा काही सुटली नाही. दर दोन-चार दिवसांनी तिचा फोन: नवी दुरुस्ती केलीय, तुमच्या लाइनवर चालवून बघा. टेक्सासमधून कुणाची तक्रार आलीय, कॅनडातून आलीय, ती लायलला वाचून दाखवायची आणि तो हटकून विचारायचा, “तुमच्या फोनमध्ये काय वाजतं ते विचारा त्यांना.” बहुतेकदा काहीतरी वाजतच असायचं. जुलैत फोन कंपनीचा माणूस आला आणि कुंपणाच्या अर्थिंगची सळई खोल ठोकून गेला. आमचा फोन स्वच्छ झाला. इडा इतकी चिडली की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. “तुम्हाला कुणी दुरुस्त करायला सांगितलं?” शेवटी ऑरिन गेला आणि अर्थिंगची तार थोडी सैल करून आला, टकटक पुन्हा सुरू. ते ऐकून हार्लननं त्याला वेड्यात काढलं.

सप्टेंबरात तिनं लायलला विचारलं, मॅडिसनला येणार का. या तक्रारी सोडवायलाच माणूस हवा होता. विद्यापीठाजवळ तळमजल्यावर एक खोली होती. लायलनं दोन दिवस घेतले, आणि मग म्हणाला, जातो. मी बरं झालं म्हटलं आणि कोठीत जाऊन उगाच बरण्या पुसत बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, हा घरातून गेला तर मी मोकळी होईन.

आम्हीच त्याला सोडायला गेलो. खोली बरी होती, उजेडाची. इडानं फुलं ठेवली होती, किरकोळच, आणि पेपरमिंटचा डबा. लायल खुर्ची फिरवून सगळं बघत होता, हे इथे, ते तिथे. ऑरिन न्हाणीघराच्या दारापाशी उभा होता. त्यानं चौकटीत दोन्ही हात पसरून पाहिले, मग खुर्चीची रुंदी पाहिली.

“जाणार नाही,” तो म्हणाला. “चाकं अडकतील.”

“मी घरमालकाला सांगते,” इडा म्हणाली.

“कशाला?” ऑरिन गाडीकडे गेला आणि हत्यारांची पेटी घेऊन आला. दार बिजागरीतून उतरवलं, भिंतीला लावलं, आणि चौकटीच्या आतली पट्टी पटाशीनं काढायला लागला. लायल तिथेच थांबून निघालेले खिळे ओंजळीत घेत होता. मी खिडकीशी उभी होते, आणि मला धारेच्या वेळेपर्यंत घरी पोचायचं होतं, पण मी घाई कर म्हटलं नाही.